मोटारीतून हरवलेले व्होल्ट

जळालेली मोटार घेऊन येणारा माणूस खरं बोलत नाही, हे मी दुकानात बसायला लागल्यावर पहिल्याच हंगामात शिकले. "आत्ता तर चालू होती, मावशी. आपोआप बंद पडली." मोटार अजून टेम्पोतून उतरलेली नसते आणि जळक्या वार्निशचा वास तिच्याआधी दुकानात शिरलेला असतो. आपोआप काही जळत नसतं. कुणीतरी कोरड्या बोअरवर चालवलेली असते, कुणी दोन फेजवर कंडेन्सर लावून दामटलेली असते, कुणाचा जावई आलेला असतो आणि त्यानं स्टार्टर उघडून अक्कल पाजळलेली असते. डॉक्टरपुढं आणि मिस्तरीपुढं माणूस अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं आपण मीटरला विचारायचं.

जवळा बाजारला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. आता बंद केलंय. बारीक तार डोळ्यांना दिसेना, आणि चष्मा लावून कॉइल भरणं म्हणजे हातमोजे घालून तांदूळ निवडणं. त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकतात. तुम्ही अंकासाठी लिहायला सांगितलंत तेव्हा आमचे मालक म्हणाले, "तू काय लिहिणार? तारा सोडल्या, तारा गुंडाळल्या." म्हणणं खोटं नाही. मोटारीच्या पोटात लोखंडाच्या खाचा असतात, त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. जळाली की ती कापून, ओढून काढायची, होती तेवढ्याच वेढ्यांची नवी भरायची, वार्निश पाजून वाळवायची. एवढाच धंदा. तरी त्यात आयुष्य गेलं आणि कंटाळा आला नाही.

काम मला मालकांनीच शिकवलं. सुरुवातीला मी नुसती कॉइल गुंडाळायची. लोक मला मिस्तरीणबाई म्हणायचे, म्हणजे मिस्तरीची बाई. पुढं मालकांच्या पाठीनं दगा दिला, जड मोटार उचलायची बंद झाली, आणि ते गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला चहा पाजायला लागले. त्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मोटार उघडायची, जोडायची, तपासायची ती मी. तरी नवा माणूस आला की दुकानात नजर फिरवून विचारायचाच, "मिस्तरी कुठं गेले?" मालक चहाच्या कपातून मान वर न करता माझ्याकडं बोट दाखवायचे. माणूस थोडा वेळ घुटमळायचा. मग जळका वास त्याला आठवण करून द्यायचा की आपली सोयाबीन पाण्यावाचून उभी आहे.

आमच्या घरात भांडण व्हायचं ते मात्र एकाच गोष्टीवरून. मालकांचा विश्वास टेस्टरवर, माझा मीटरवर. टेस्टर म्हणजे तो खिशाला लावायचा पेचकस, ज्याच्या पोटात इवलासा दिवा असतो. दिवा पेटला की करंट आहे, नाही पेटला की नाही, असा मालकांचा आणि सगळ्या हिंगोली जिल्ह्याचा सिद्धांत. मी म्हणायची, तो दिवा हट्टी आहे. बऱ्यापैकी जोर असल्याशिवाय तो डोळा उघडत नाही. चाळीस-पन्नास व्होल्ट त्याच्या समोरून गेले तरी तो झोपलेलाच. मालक म्हणायचे, "चाळीस व्होल्टानं काय होतं?" त्याचं उत्तर मला पुढं एका आखाड्यावर मिळालं, आणि तेच इथं सांगायचं आहे. त्याआधी दोन शब्द मीटरबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

व्होल्टेज आणि करंट यांना आपल्याकडं एकच नाव आहे, करंट. लाईट आली की करंट आला, झटका बसला की करंट लागला. पण गोष्टी दोन आहेत. माळवदावरची पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर. हा जोर म्हणजे व्होल्टेज. तोटी सोडल्यावर प्रत्यक्ष जे पाणी वाहतं, ते करंट. तोटी बंद असली तरी जोर असतोच, वाहत मात्र काही नसतं. आणि उंची कधी एकट्याची नसते. टाकी उंच म्हणजे कशापासून उंच, हे सांगावं लागतं. म्हणून व्होल्टेज मोजताना मीटरच्या दोन पिना दोन ठिकाणी लावाव्या लागतात. करंट मोजायचा तर वाहणारं सगळं मीटरमधून न्यावं लागतं, नाहीतर चिमट्यासारखं तोंड असलेलं क्लॅम्प मीटर घेऊन एका तारेला विळखा घालायचा. तार तोडायला नको, काही नको, आतून किती वाहतंय ते काट्यावर दिसतं.

हा फरक न समजलेला एक गृहस्थ पुसेगावचा होता. त्यानं स्वतःचं पिवळं मीटर विकत घेतलं होतं आणि ते माझ्याकडं दुरुस्तीला आणलं. दोन्ही पिनांची टोकं काळी, आतून डांबर जळाल्यासारखा वास. मी विचारलं, काय केलंत? "काही न्हाई, आमच्या घरच्या पलगात किती करंट येतो ते बघून राहिलो होतो." त्यानं मीटरचं बटण अँपिअरवर ठेवलं होतं आणि पिना सरळ प्लगात खुपसल्या होत्या. प्लगात जोर असतो, वाहत काही नसतं. ह्यानं मीटरचीच वाट करून दिली आणि सगळं त्यातून धो धो वाहिलं. मी म्हटलं, "दादा, नशीब समजा, मीटर जळालं." तो म्हणाला, "पण आकडा किती आला आसंल?" अशा माणसावर रागवता येत नाही.

आता आखाड्याची गोष्ट. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. जवळा बाजारपासून थोडं आत, ओढ्याच्या काठी नामदेवचा आखाडा होता. मेंढरं आणि शेळ्या राखणारं घर, जोडीला थोडी कोरडवाहू आणि एक बोअर. नामदेव तिशीचा, बोलका, हातानं काहीतरी जोडजाड करत राहणारा. घरात त्याची बायको रुक्मिण, पाळण्यातून नुकतंच बाहेर पडलेलं एक लेकरू, आणि त्याची आई गयाबाई.

नामदेव कडबा कुट्टीची, म्हणजे जनावरांचा चारा कापायच्या यंत्राची, मोटार घेऊन आला. सिंगल फेजची, दोन हॉर्सपॉवरची. भरून दिली. थोड्याच दिवसांत तीच मोटार पुन्हा टेम्पोतून उतरली, तोच वास घेऊन. "तुमची वायंडिंग कच्ची, मावशी," असं तो तोंडानं म्हणाला नाही, पण मोटार ठेवताना जो आवाज केला त्यातून मला ऐकू आलं. मला राग आला. माझी भरलेली मोटार अशी जळत नाही. मी विचारलं, "चालताना कशी चालायची?"

"जोर धरत न्हाई. पेंढी घातली की कण्हती. हात लावला तर भाजती."

हे लक्षण मला पाठ होतं. मोटारीला व्होल्टेज कमी पडलं की ती काम सोडत नाही, जास्त करंट ओढून तेच काम करायला बघते आणि त्या ओढीत तापून मरते. मी म्हटलं, "ह्या खेपेला मोटार घेऊन मी येते. तुझ्या लाईटचा जोर मला बघायचाय." मालक म्हणाले, टेस्टर घेऊन जा. मी दोन्ही मीटर पिशवीत टाकली.

आखाड्यावर पोचले तर गयाबाई कडुलिंबाखाली बाजेवर बसली होती. तिला मी बाजारात पाहिलेलं होतं. मेंढराच्या सौद्यात व्यापाऱ्याच्या तोंडाला फेस आणणारी बाई. ती आज मांडीवर हात ठेवून, ते हात दुसऱ्या कुणाचे असावेत अशी बघत बसली होती. लेकरू रांगत तिच्याकडं गेलं आणि बाजेला धरून उभं राहिलं. तिनं त्याला घेतलं नाही. "रुक्मिणे, ने गं ह्याला," म्हणाली.

मी पाणी पिता पिता विचारलं, "लेकरू घेत नाही होय आजी?"

"हातातून पडंल माय."

मग तिनं सांगितलं. हात झिणझिणतात. पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत मुंग्या येतात, कधी पायातून वर चढतात. हिंगोलीच्या डॉक्टरनं नसांच्या गोळ्या दिल्या, साखर तपासली, ती बरोबर निघाली. त्यांनी नीट बघितलं होतं हो, आणि फरक नाही पडला तर नांदेडला नेऊन मानेचा फोटो काढा असंही सांगितलं होतं. पण गयाबाईनं आपला निकाल आधीच लावून टाकला होता. तिच्या आईला लकवा झाला होता. सुरुवात अशीच, हाताच्या मुंग्यांनी. ती मग कितीतरी वर्षं एका कुशीवर पडून होती आणि तिचं सगळं गयाबाईनं केलं होतं.

"म्या तिचं केलं, ते ठीक. पण ह्या पोरीच्या नशिबी माझं हागणं-मुतणं काहून? त्यापरीस देवानं सरळ न्यावं."

"आसं काहून बोलून राहिल्या तुमी?" रुक्मिण आतून म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

गयाबाई तिकडं न बघता मला म्हणाली, "जनावरालाबी कळलंय. म्या हौद भरते तर मेंढरं तोंड लावंना. वास घेत्यात आन् मागं सरत्यात. जाणाऱ्याच्या हातचं पाणी जनावर पीत न्हाई."

तिनं आपल्या वाट्याची मेंढरं लेकींच्या नावानं वाटून टाकली होती, हेही रुक्मिणनं नंतर सांगितलं. कानाला रंग लावून कोणती कुणाची ते ठरवून झालं होतं. ती बाई घाबरलेली नव्हती, आवराआवर करत होती, आणि ते बघायला जास्त वाईट वाटत होतं.

मी मोटारीकडं वळले. आपलं काम आपल्याला येतं तेवढं करावं. कुट्टीच्या पेटीत व्होल्टमीटरच्या पिना लावल्या. मोटार बंद असताना दोनशे तीसच्या आसपास. उत्तम. नामदेवला म्हटलं, चालू कर आणि पेंढी घाल. मोटार कण्हली आणि काटा एकशे नव्वदवर येऊन बसला. चाळीस व्होल्ट गायब.

आता हे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथं आहे. व्होल्ट असे हवेत विरत नाहीत. वाटेत कुठंतरी अडचण असेल, बारीक तार, ढिला सांधा, तर करंट वाहताना तिथं जोर खर्च होतो. टाकीचा पाईप मध्येच चेपला असेल तर खालच्या नळाला धार कमी, तसंच. मोटारीला जे चाळीस मिळाले नाहीत ते कुठंतरी दुसरीकडं हजर असणारच. माझं काम ते शोधायचं.

मी क्लॅम्प मीटर काढलं आणि फेजच्या तारेला विळखा घातला. नऊ-साडेनऊ अँपिअर. ती तार खांबाकडून येत होती, चांगली जाड, सांधे घट्ट. मग परतीची तार बघितली. करंटाचा नियम सरळ आहे, एका तारेनं गेला तितका दुसरीनं परत आला पाहिजे. परतीच्या तारेवर पण नऊ-साडेनऊच. ती तार हातानं चाचपत निघाले. ती खांबाकडं गेलीच नाही. भिंतीवरून उतरली, मातीत शिरली, आणि बोअरच्या लोखंडी केसिंगला जाऊन नटानं आवळली गेली.

"नामदेव, हे काय?"

"न्यूट्रल हाय की."

"खांबावरून का नाही घेतला?"

"खांबावर तीनच तारा हायत्या. पंपाला न्यूट्रल लागत न्हाई म्हून चौथी वढलीच न्हाई कुणी. आमी बोअरवर घेतला. समदेच घेत्यात. बलब काय झ्याक लागतो."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या भागात निम्म्या आखाड्यांवर हाच उद्योग आहे. लाईट जमिनीतून परत जाते एवढं लोकांना कुठूनतरी कळलंय, आणि बोअरचं केसिंग म्हणजे जमिनीत खोल गेलेला आयता खुंटा. एक बल्ब, एक पंखा असतो तोवर चालूनही जातं, कारण वाहतंच थोडं. पण नामदेवनं त्याच खुंट्यावर दोन हॉर्सपॉवरची मोटार बांधली होती. नऊ अँपिअर जमिनीत शिरायला बघत होते आणि उन्हाळ्यानं सुकलेली जमीन त्यांना सहज घेत नव्हती. जिथं अडचण, तिथं जोर साचतो. म्हणजे केसिंगवर.

मी केसिंगपासून पुढं बघितलं. केसिंगातून लोखंडी पाईप निघाला होता, तो अंगणातून जाऊन हौदावर वाकला होता. हौदाचं पाणी काठोकाठ, पाईपाचं तोंड त्यात बुडालेलं. भोवती मेंढरांच्या खुरांनी तुडवलेला चिखल.

"रुक्मिण," मी म्हटलं, "मोटार चालू आहे तोवर लेकराला ह्या बाजूला येऊ देऊ नको. तूही येऊ नको."

नामदेव म्हणाला, "तिथं काही न्हाई मावशी. मेंढरं पाणी पिईनात तवा मला बी शंका आली व्हती. म्या टेस्टर लावून बघितला. पेटलाच न्हाई. पायपाला हात बी लावून बघितला."

"पायात काय होतं तुझ्या?"

त्यानं खाली बघितलं. जाड रबरी चप्पल. रुक्मिणच्या पायातही तशीच.

मी नामदेवकडून पहार घेतली, हौदाशेजारी माणूस उभा राहतो तिथं चिखलात ठोकली. मीटरची एक पिन पहारीला लावली, दुसरी पाईपाला. काटा पस्तिसावर. मोटार बंद करायला सांगितली. काटा शून्याला पडला. पुन्हा चालू. पुन्हा पस्तीस. मोटारीला न मिळालेले व्होल्ट सापडले होते. ते हौदावर उभे होते.

"आजी," मी हाक मारली, "तुम्ही हौदावर चप्पल घालता का?"

ती मान न वळवता म्हणाली, "मेंढराच्या वाड्यात कुनी पायतान घालतं व्हय? लक्ष्मी हाय ती. माझ्या सासऱ्यानं कधी घातली न्हाई, म्या बी न्हाई घातली. आताच्या पोरास्नी कोण सांगनार."

म्हणजे त्या घरात हौदावर अनवाणी जाणारी दोनच: गयाबाई आणि मेंढरं.

मी तिच्या बाजेवर जाऊन बसले. विचारलं, हात रोज झिणझिणतात का? ती म्हणाली, रोज नाही. एक हप्ता लई तकलीफ, दुसरा हप्ता बराबर. कुणी अमावास्येवर घातलं, कुणी करणीवर. मी नामदेवला विचारलं, तुमची शेतीची लाईट कशी? तो म्हणाला, एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. दिवसाच्या हप्त्यात कुट्टी सकाळ-संध्याकाळ चालते, म्हणजे नेमकी गयाबाई हौद धुते तेव्हा. रात्रीच्या हप्त्यात नामदेव रात्री कुट्टी करून ठेवतो, तेव्हा गयाबाई झोपलेली असते. हे सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

"म्हंजी माझ्या मायला करंट... माझ्याच हातानं?"

मला त्याची दया आली. पण त्याला सोडलंही नाही. सांगितलं की आत्ता पस्तीस आहेत म्हणून मुंग्यांवर भागलं. जमीन आणखी सुकली असती तर तेच वाढले असते. आणि एखाद्या दिवशी गंजून तो नट सुटला असता, कुणी ती तार हातात धरली असती, तर तिच्यावर पुरे दोनशे तीस असते. रुक्मिण रोज लेकराला त्याच पाईपाखाली आंघोळ घालायची, दुपारची, कुट्टी बंद असताना. ती लेकराला छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

मग उठले. खांबावरची लाईट पाडली आणि केसिंगचा नट सोडून तार वेगळी केली. नामदेवला म्हटलं, तुझ्याकडं तीन फेज आहेत, मग सिंगल फेजची मोटार हवीच कशाला? तीन फेजच्या मोटारीला न्यूट्रल लागत नाही, तिन्ही तारा आपसातच येणं-जाणं भागवतात. माझ्याकडं एक जुनी पडून होती, ती पुढच्या बाजाराच्या दिवशी बसवून दिली. दिव्यासाठी डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, चौथी तार ओढून घ्यायला त्याला अर्ज करायला लावला, आणि ती येईपर्यंत बॅटरीवरचा दिवा. तार आली एकदाची, उशिरा का होईना. वाईट एवढंच वाटतं की ही गोष्ट मी नंतर शंभर जणांना सांगितली असेल, आणि त्यातले बरेच जण "व्हय व्हय" म्हणून घरी गेले आणि केसिंगला आवळलेली तार तशीच ठेवून झोपले.

पण त्या दिवशीची संध्याकाळ राहिली. माझं सगळं समजावून झालं, पस्तीस, एकशे नव्वद, नऊ, सगळं. गयाबाई ऐकत होती आणि एका अक्षरावर तिचा विश्वास नव्हता. तिच्या लेखी मी तिची समजूत घालायला आलेली एक बरी बाई होते.

"डबडीतला काटा हालला म्हून माझा लकवा जातो व्हय?" ती म्हणाली.

मी तिला हौदात हात घालून बघा म्हटलं, पण तिची छाती होईना. आणि खरं सांगायचं तर मलाही जबरदस्ती करवेना. एवढ्यात ओढ्याकडून मेंढरं आली. धुळीनं भरलेली, दिवसभराची तहानलेली. सवयीप्रमाणं हौदाला वळसा घालून ती पलीकडं ओढ्याच्या डबक्याकडं निघाली. नामदेवनं आडवं होऊन त्यांना थांबवलं. सगळी हौदापासून दोन हात लांब उभी राहिली, एकमेकांत माना घालून. कोणी पुढं सरकेना. आम्ही चौघं माणसं मेंढरांच्या तोंडाकडं बघत होतो. माझी भरलेली मोटार पहिल्यांदा चालू करतानासुद्धा माझं असं काळीज कधी धडधडलं नव्हतं.

शेवटी एक म्हातारी मेंढी पुढं झाली. चिखलात पाय ठेवला, थांबली. पाण्याचा वास घेतला. मागं सरली. गयाबाईनं डोळे मिटून घेतले. मेंढी पुन्हा पुढं आली, पाण्याला नाक लावलं, काढलं, आणि मग तोंड बुडवून प्यायला लागली. तिचा घोटाचा आवाज झाला आणि मागचा सगळा कळप हौदावर तुटून पडला. एकमेकांच्या पाठीवर चढून प्यायली. काठावरचं पाणी आमच्या अंगावर उडालं.

गयाबाई बाजेवरून उठली. अनवाणीच चिखलात गेली, मेंढरं हातानं बाजूला सारली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात घातले. बराच वेळ तशी वाकून उभी राहिली. मग एका हातानं पाईप घट्ट धरला.

"काही न्हाई," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "काही न्हाई रं."

आणि वळून तिनं नामदेवला जे धरलं, ते इथं छापण्याजोगं नाही. तारा जोडणाऱ्याच्या सात पिढ्या, त्यात तिची स्वतःची सासर-माहेरची माणसंही आली, पण तिला त्याचं भान नव्हतं. नामदेव मान खाली घालून ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण चेहरा हसरा होता. रुक्मिण पदर तोंडाला लावून माझ्याजवळ आली. म्हणाली, "मावशी, किती महिन्यांनी शिव्या देऊन राहिल्या आमच्या आत्या. घरात आवाजच नव्हता."

मलाही मग रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. एवढी वर्षं मोटारी भरल्या, पिकं वाचली, गिरण्या फिरल्या, चांगलंच वाटायचं. पण इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

शिव्या संपल्यावर गयाबाई हौदाच्या काठावर बसली. ओले हात लुगड्याला पुसले, अंगणाकडं एक नजर टाकली. विस्कटलेला कडबा, न झाडलेला वाडा, दावणीची तुटलेली दोरी. सगळीकडं बघून झाल्यावर माझ्याकडं वळली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "म्या तर मरायची तयारी करून बसले व्हते माय. आता जगायचं म्हणल्यावर किती काम पडलंय बघ."